‘एवढा मोठा नट खोटं बोलेल का?’

पत्र : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांनी बेजार. दुपारी जेवणं उरकली की त्या रात्रीच्या मालिका पुन्हा बघतात. त्यात एक जाहिरात लागते. मालिकांमध्ये सज्जन वडिलांची कामं करणारे एक नामवंत नट गुडघ्याला चुंबकाचा पट्टा बांधून जिना चढतात आणि ‘मी स्वतः हाच वापरतो’ म्हणतात. आईंनी कुणाला न सांगता फोन करून पट्टा आणि तेल मागवलं, २,४९९ रुपये दारात मोजले. महिना झाला, फरक शून्य. कंपनीला फोन केला तर म्हणाले, ‘तीन महिन्यांचा कोर्स आहे, दुसरा बॉक्स निघालाय.’ जाहिरात खोटी आहे म्हटल्यावर आई म्हणाल्या, ‘एवढा मोठा नट खोटं बोलेल का?’ आणि दोन दिवस अबोला. शिवाय जाहिराती लागल्या की टीव्ही असा ओरडतो की दहावीतल्या मुलाचा अभ्यास बंद. हे म्हणतात केबलच काढून टाकू. पैसे परत मिळतील का? त्या नटाला इन्स्टाग्रामवर जाब विचारू का?
— एक सून, सांगली

उत्तर :

दुसरा बॉक्स दारात आला की घ्यायचा नाही. बाकीचं सगळं सावकाश करता येईल, हे मात्र आजच घरात सांगून ठेवा. शेजारच्या काकूंना आणि वॉचमनलाही. अशा वेळी हमखास होतं ते असं : घरी कुणी नसतं, शेजारी भलेपणानं पैसे भरून पार्सल ठेवून घेतात. कुरिअरवाल्याच्या हातात पैसे पडले की तो परत देऊ शकत नाही, व्हीपी (पोस्टाचं पैसे भरून सोडवायचं पार्सल) असेल तर पोस्टमनही नाही. ‘घ्यायचं नाही, परत पाठवा’ एवढं म्हणायचं. मोबाइलवर ओटीपी आला तर आधी मेसेज पूर्ण वाचा. पार्सल मिळाल्याचा ओटीपी असेल तर तो देणं म्हणजे माल स्वीकारणं. काही कुरिअर नाकारल्याचाही वेगळा ओटीपी पाठवतात, तो दिला तर चालतो. सोबत कंपनीला लेखी कळवा, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप कशावरही : ‘आम्ही तीन महिन्यांची ऑर्डर दिलेली नाही. पुढचं कोणतंही पार्सल पाठवू नये.’ फोनवर सांगितलेल्याला पुरावा राहत नाही.

आता पहिल्या बॉक्सचे पैसे. बाहेरचा खोका टाकून दिला नसेल तर नशीब. त्यावरच्या स्टिकरवर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कुरिअरचा नंबर असतो, त्याचा फोटो काढा. मग पट्टा आणि तेलाची बाटली उलटसुलट करून बघा. पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी नंबर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि तुमची बाजू भक्कम झाली. जाहिरातीत एक नाव, स्टिकरवर दुसरं, बाटलीवर तिसरं असं दिसलं तर गोंधळू नका, तिन्ही लिहा. बिल ज्याच्या नावानं आहे तो पहिला.

लेखी मागणी करा, पंधरा दिवस द्या. उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. काही कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, तक्रार थेट त्यांच्याकडे जाते आणि काम लवकर होतं. न जोडलेली कंपनी टाळाटाळ करू शकते, कारण हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देत नाही. हुकूम हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते. कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तुमचा आयोग सांगलीचाच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. अडीच हजारांसाठी एवढं करायचं का, हे तुम्ही ठरवा. आमचं मत विचाराल तर १९१५पर्यंत जरूर जा. त्यापुढे जायचं तर चिकाटी आणि तारखांना वेळ हवा.

आता नटाकडे येऊ. तुमच्या घरातल्या भांडणाचा विषयच चुकलाय. ‘नट खोटं बोलतो का’ या प्रश्नावर आई कधीही हरणार नाहीत, कारण त्या नटाला त्या वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी भेटल्या आहेत. मालिकेत त्यानं सुनेची बाजू घेतली, बायकोचे पाय चेपले, मुलाला घराबाहेर काढताना डोळे पुसले. जाहिरातवाले पैसे मोजतात ते नेमके या ओळखीचे. तेव्हा माणूस बाजूला ठेवा आणि त्याचं वाक्य पकडा. उद्या दुपारी आईंच्या शेजारी बसा, वही-पेन त्यांच्याच हातात द्या आणि म्हणा, ‘तो नक्की काय म्हणतो ते आपण लिहून घेऊ.’

लिहिताना गंमत कळते. ‘गुडघेदुखी बरी होते’ असं सहसा कुणीच म्हणत नाही. ‘गुडघ्यांना मिळे नवं बळ’, ‘दुखण्याला म्हणा बाय-बाय’, ‘लाखो लोकांचा विश्वास’. यात मोजता येईल असं काहीच नाही. बळ किती? लाखो म्हणजे किती लाख, आणि कुणी मोजले? जिना चढणाऱ्या नटाच्या पायाखाली मात्र एक बारीक पांढरी ओळ सरकून जाते, खरी जाहिरात तीच. ‘सर्जनशील चित्रण’, ‘परिणाम व्यक्तीनुसार वेगळे’, ‘व्यायाम व संतुलित आहारासोबत’. तो जिना हे चित्रण आहे, परिणाम नव्हे, हे कंपनी स्वतःच तिथे कबूल करते. फक्त चष्मा काढून ठेवलेल्या ७१ वर्षांच्या बाईला वाचता येणार नाही अशा आकारात.

आणि ती ओळ बहुतेक वेळा इंग्रजीत असते! आमची सगळ्यात जुनी तक्रार हीच. जाहिरात हिंदीत बनते, मराठीत डब होते. नटाचे ओठ हिंदी बोलतात, आवाज ‘देतं आपल्याला संपूर्ण आराम’ असलं मराठी बोलतो, आणि खालची टीप कुणी भाषांतरित करायचे कष्टच घेत नाही. हा आळस नियमात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ला आली. त्यात म्हटलंय की दावा ज्या भाषेत, टीपही त्याच भाषेत हवी, आणि टिपेनं मुख्य दाव्याला छेद देता कामा नये. दावा मराठीत आणि टीप इंग्रजीत, एवढा एकच मुद्दा घेऊनही तक्रार करता येते, आणि तो सिद्ध करायला डॉक्टर लागत नाही, फोटो पुरतो.

आईंना थोडा तरी आराम वाटला का, हेही विचारा, आणि ‘हो’ म्हणाल्या तर हसू नका. जाड कापडाचा घट्ट पट्टा गुडघ्याला ऊब आणि आधार देतो, मेडिकलच्या दुकानातला साधा नी-कॅपही देतो, बऱ्याच कमी पैशांत. चुंबकाने झिजलेली कुर्चा भरून येते याला आधार नाही. अशा तेलांत बऱ्याचदा पुदिन्याचा अर्क, कापूर किंवा गंधपुऱ्याचं तेल असतं. त्यानं गार-गरम लागतं आणि दुखणं घटकाभर विसरायला होतं. मात्र तेल चोळून त्यावर पट्टा आवळायचा, वर गरम पाण्याची पिशवी, असं करू नका. त्वचा भाजल्यासारखी होते, आणि मधुमेह असेल तर पायाला ते कळतही नाही. हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घेणं हा जाहिरातीत कधीच न दिसणारा उपाय आहे. तो कुणी विकत नाही ना.

तुमच्या प्रकरणाला तंतोतंत लागू पडेल असा एक निकाल आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नापतोल या टेलिशॉपिंग कंपनीला १० लाखांचा दंड केला. ज्या तीन वस्तूंच्या जाहिरातींवरून केला त्यात सोन्याच्या दागिन्यांचा म्हणून विकलेला सेट होता, अ‍ॅक्युप्रेशरच्या चपला होत्या आणि चुंबकाचा गुडघ्याचा पट्टाही होता. आदेशात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या आईंना वाचून दाखवा : कार्यक्रम आधी चित्रित केलेला असेल तर तसं पडद्यावर सांगा, आणि ‘फक्त आजच’ म्हणत खोटी टंचाई दाखवू नका. म्हणजे ते उलटं पळणारं घड्याळ, मागे सतत वाजणारे फोन, ‘शेवटचे दहाच नग उरलेत हं’ म्हणत घामाघूम होणारी निवेदिका, हे रेकॉर्डिंगही असू शकतं. उद्या पुन्हा तेच दहा नग उरतील. दोन दिवस लागोपाठ बघितलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दैवी यंत्रं विकणाऱ्यांचा बंदोबस्त तर आपल्याकडेच झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१मध्ये सांगितलं की देवाच्या नावाचं यंत्र चमत्कार करतं अशी जाहिरात टीव्हीवर दाखवणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं बेकायदा आहे. बनवणारा, विकणारा, त्याचा प्रचार करणारा आणि दाखवणारी वाहिनी, कुणीच सुटत नाही. ती याचिका खंडपीठाकडे एका शिक्षकानं नेली होती.

तर तक्रार कुठे आणि कशी? जाहिरातीच्या मजकुराबद्दल ‘अ‍ॅस्की’, म्हणजे मुंबईतली भारतीय जाहिरात मानक परिषद. १९८५पासून आहे. तक्रार फुकट, वेबसाइटवर किंवा ७७१०० १२३४५ या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपनं. ही जाहिरातदारांनी स्वतःवर घालून घेतलेली शिस्त आहे, सरकारी खातं नव्हे, त्यामुळे ती पैसे परत मिळवून देत नाही. पण टीव्हीच्या बाबतीत तिला दात आहेत : केबल टीव्हीच्या जाहिरात संहितेनुसार अ‍ॅस्कीचे नियम मोडणारी जाहिरात केबलवर दाखवता येत नाही. दंड हवा असेल तर वर सांगितलेलं केंद्रीय प्राधिकरण. दोन्हीकडे एकच मजकूर पाठवा.

बहुतेकांच्या तक्रारी इथेच मार खातात. ‘ही जाहिरात फसवी आहे, कडक कारवाई करा’ असं दोन ओळींत लिहिलं जातं आणि कुठली जाहिरात तेच कळत नाही. असं लिहा : वाहिनीचं नाव, तारीख, वेळ (‘दुपारी’ नको, २ वाजून १७ मिनिटं), कोणत्या कार्यक्रमाच्या मध्ये, भाषा, वस्तूचं नाव. मग अवतरणचिन्हात दावा, शब्दाला शब्द : नट म्हणतात, ‘मी स्वतः हाच वापरतो.’ मग हरकत : ‘या वस्तूनं गुडघेदुखी जाते याचा पुरावा कंपनीनं द्यावा. नटांनी ती खरोखर वापरली आहे का, हे तपासावं. दावा मराठीत असून खालची टीप इंग्रजीत आहे.’ एका तक्रारीत तीनपेक्षा जास्त हरकती नकोत. ‘संस्कृती बिघडते’, ‘आमच्या भावना’ वगैरे घातलंत की मुख्य मुद्दा पातळ होतो.

सोबत व्हिडिओ हवा. मोबाइल आडवा धरा, सहा-सात फुटांवरून, खोलीतला दिवा बंद करून, म्हणजे काचेवर तुमचीच सावली दिसणार नाही. कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो फ्रेममध्ये हवाच. पडद्यावर काळे पट्टे फिरताना दिसले तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात फ्रेमचा वेग ३०वरून २५ किंवा ५० करून बघा. टीप वाचता येत नसेल तर फक्त तेवढ्या पट्टीचा वेगळा व्हिडिओ काढा. जाहिरात साधारण त्याच वेळेला पुन्हा लागते, दोन दिवसांत सापडेल. यूट्यूबवरची प्रत पाठवू नका, टीव्हीवरच्या मराठी मजकुरात आणि तिच्यात फरक असू शकतो.

नटाला इन्स्टाग्रामवर जाब विचारण्यात वेळ घालवू नका. त्यांचं खातं बघणाऱ्या मुलाखेरीज ते कुणी वाचणार नाही, आणि चिडून काही लिहिलंत तर उलट तुम्हालाच नोटीस यायची. तक्रारीत मात्र त्यांचं नाव जरूर घाला. २०१९च्या कायद्यात जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाख. शिवाय एक वर्षापर्यंत, नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. सुटका एकच : दाव्याची आधी योग्य ती चौकशी केली होती हे दाखवणं. मे २०२४मध्ये पतंजलीच्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की जाहिरातीत चेहरा देणारे तितकेच जबाबदार आहेत. चेहऱ्याची किंमत घ्यायची आणि शब्दांची जबाबदारी ‘स्क्रिप्टमध्ये होतं’ म्हणून झटकायची, हे आता चालत नाही.

वेलचीच्या पुड्यांचं तर नावच नको. गुटख्याच्या घरातलं नाव, रंग तोच, आणि जाहिरात म्हणे वेलचीची. ऑक्टोबर २०२१मध्ये अमिताभ बच्चन अशा एका ब्रँडपासून बाजूला झाले, एप्रिल २०२२मध्ये अक्षय कुमार यांनी चाहत्यांची माफी मागून दुसऱ्या एकापासून अंग काढून घेतलं. दोन्ही वेळा आधी लोक बोलले, मग ते हलले. अशा आडपडद्याच्या जाहिरातींनाही २०२२च्या तत्त्वांत बंदी आहे.

सगळ्याच जाहिराती टाकाऊ असं आमचं म्हणणं नाही. दूरदर्शनच्या काळातल्या सर्फच्या ललिताजी आईंना नक्की आठवतील, विचारा. स्वस्त निरमासमोर महागडं सर्फ विकायचं होतं. लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलेक पदमसींनी कुठला स्टार आणला नाही, कविता चौधरींना निळ्या काठाची पांढरी साडी नेसवून भाजीवाल्याशी घासाघीस करायला उभं केलं. दावा काय, तर अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीचं काम करतं. पटलं नाही तर दोन बादल्या घ्या, कपडे धुवा आणि बघा. त्या बाई ‘मी स्वतः वापरते’ म्हणून ओळखीचा धाक घालत नव्हत्या, हिशेब मांडत होत्या. तुमच्या पट्ट्याच्या जाहिरातीला हीच बादली लावा : घरी करून बघता येईल असं एक तरी वाक्य आईंच्या वहीत आलंय का?

आवाजाचं दुखणं जाहिरातीइतकंच तुमच्या टीव्हीतही आहे. मालिकेत संवाद हळू, मध्येच एखादा धाडकन वाजणारा ढोल. जाहिरातीत मात्र प्रत्येक अक्षर त्या ढोलाच्या पातळीपर्यंत वर ओढलेलं असतं. सर्वात मोठा आवाज दोन्हीकडे सारखाच असेल, पण कानाला जाणवते ती सरासरी. जाहिरातीचा आवाज वाजवीपेक्षा मोठा नको, असं केबलच्या नियमांत आहे. तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत असंही आहे. दोन्ही नियम सापडतात ते कागदावरच.

त्यामुळे टीव्हीतच इलाज करा. सेटिंगमध्ये साउंड, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट, तिथे ऑटो व्हॉल्यूम किंवा व्हॉल्यूम लेव्हलर सुरू करा. आवाजाचा प्रकार ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘स्पीच’, बास दोन-तीन घरं कमी. सेट-टॉप बॉक्सचा आवाज एकदा पूर्ण करून ठेवा आणि कमी-जास्त फक्त टीव्हीच्या रिमोटनं करा. साउंडबार जोडला असेल तर टीव्हीचं ऑटो व्हॉल्यूम बऱ्याचदा लागूच होत नाही, तिथे साउंडबारचा नाइट मोड लावा. तोटा एवढाच की शांत प्रसंगात मागचं संगीत जरा फुगतं.

खरी मेख वेगळी असावी. आई आवाज ३५-४०वर का ठेवतात? पातळ टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, संवाद भिंतीवर आपटून येतात, शब्द कळत नाहीत, मग आवाज वाढतो आणि जाहिरात लागली की घर हादरतं. त्यांना एक वायरलेस हेडफोन द्या. लावून २०वर स्पष्ट ऐकू आलं तर दोष खोलीचा. तरीही शब्द सुटत असतील तर कानांची तपासणी करून घ्या.

केबल काढायचं मात्र तुमच्या यजमानांना सोडून द्यायला सांगा. ७१ वर्षांच्या बाईची दुपार काढून घेण्यासारखं आहे ते. शिवाय त्याच जाहिराती मोबाइलवर येतातच, आणि तिथे गुडघ्यांबद्दल एकदा शोधलं की दिवसभर गुडघेच. टेलिशॉपिंगची अख्खी वाहिनी हवी तर आईंना विचारून सेट-टॉप बॉक्समध्ये लॉक करा. मालिकांच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींना ते लॉक लागत नाही.

आईंचा नंबर आता एकाहून अधिक याद्यांत गेला असेल असं धरून चाला. त्यांच्या मोबाइलवरून १९०९ला इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस पाठवा, प्रचाराचे कॉल बरेच कमी होतात. अशा खरेदीनंतर पुढे कधीतरी ‘तुमच्या ऑर्डर नंबरवर लकी ड्रॉमध्ये गाडी लागली, नोंदणीचे साडेआठ हजार भरा’ असा फोन येऊ शकतो. ऑर्डर नंबर खरा सांगतात, म्हणून माणूस फसतो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३०वर कळवा. आणि आईंना आत्ताच सांगून ठेवा : असा फोन आला तर ‘सुनेला विचारून सांगते’ एवढं म्हणायचं आणि ठेवून द्यायचा.